चालू करवतीशेजारी तपासलेली छाती

आमच्या शेजाऱ्याला सगळे पिपाणी म्हणतात. फरश्या कापण्याच्या शेडमध्ये त्याचं निम्मं आयुष्य गेलं. घरी येतो तो पापण्यांपर्यंत पांढरा, पिठाच्या डब्यात बुचकळून काढल्यासारखा. श्वास घेताना त्याची छाती वाजते, म्हणून सोबत्यांनी हे नाव ठेवलं. त्यावर पहिला हसणारा हाच. "रेडिओचा खर्च वाचला," म्हणतो आणि खोकत जिन्यातच बसतो.

त्याच्या वाट्याचा संताप त्याच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, मिळालाय, तोही दामदुप्पट.

खोकला वाढला तसं मालकानं त्याला करवतीवरून उठवून मोजमापाच्या टेबलावर बसवलं होतं. शेडच्या डॉक्टरनं हिरवा कंदील दाखवला की पुन्हा करवत. परवा तो दाखवला गेला. आमची भिंत सामाईक आणि माझे कान तिखट, तेव्हा पुढचं संभाषण आयतंच मिळालं.

"थोडं व्हीझिंग आहे म्हणाले. दम्याचा प्रकार. कामाला हरकत नाही."

"तपासलं कुठे?"

"शेडमध्येच. करवतीशेजारी."

"करवत बंद होती?"

"बंद कशी असेल? ऑर्डर आहे."

"शर्ट काढला होता?"

"अगं, रांग केवढी! जाकिटावरूनच. पुढून."

भांडं आपटलं. "त्या आवाजात डॉक्टरला स्वतःचं नाव तरी ऐकू आलं असतं का? आणि तुम्ही मान डोलावून आलात, नंदीबैल!"

उरलेल्या कामगारांची तपासणी दुसऱ्या दिवशी होती. सकाळी वहिनी माझ्या दारात. "चला भावजी. नाहीतरी कान भिंतीलाच होते तुमचे." मी निर्लज्जपणे चपला घातल्या.

शेडमध्ये धुळीनं समोरचा माणूस दिसेना. कानात नळ्या खुपसून डॉक्टर एकेकाच्या जाकिटाला स्टेथोस्कोप टेकवत होता, जसा पोस्टात शिक्का मारतात. वहिनी थेट भिंतीकडे गेल्या आणि मेन स्विच खाली ओढला. करवत कण्हत थांबली.

"कोण आहे रे?" मालक धावत आला.

"पिपाणीची बायको. हळू बोला, डॉक्टरसाहेबांना ऐकायचंय."

"अगं, जाऊ दे," कामावर आलेला पिपाणी पुटपुटला.

"तुम्ही शर्ट काढा."

डॉक्टर लाल झाला. छातीवर नळी टेकवून म्हणाला, "ही शिट्टी म्हणजे व्हीझ. जाड घरघर असली तर आम्ही रॉन्काय म्हणतो. कालच सांगितलं मी."

"पुढच्या बाजूचं तर भिंतीपलीकडे या भावजींनाही ऐकू येतं. काल पाठ राहिली, ती बघा."

पाठीच्या खालच्या भागाला नळी लागली. खोल श्वास. आणखी एक. डॉक्टरनं डोळे मिटले, नळी सरकवली, पुन्हा ऐकलं.

"क्रॅकल्स," तो हळूच म्हणाला.

"आम्हाला कळेल असं बोला."

"श्वास आत जाताना शेवटी बारीक चरचर येते. कानापाशी केस चोळल्यासारखी. एक्स-रे काढल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही, पण हा नुसता दमा नाही. धुळीनं फुफ्फुस कडक होत असावं."

"बरं होतं ते?"

"झालेलं परत फिरत नाही. धुळीतून काढलं तर पुढचं थोडं लांबेल. कदाचित."

वहिनींचा असा आवाज फुटला की पत्रे हलावेत. "आणि काल याच छातीला तुम्ही करवतीवर धाडत होतात? जाकीट तपासून?"

"नाही जाणार करवतीवर," डॉक्टर घाईनं म्हणाला. "टेबलावरच बसू दे."

"कुठल्या टेबलावर? त्या?" टेबल करवतीला खेटूनच होतं. वहिनींनी त्यावरून बोट फिरवलं आणि ते पांढरं बोट मालकाच्या नाकासमोर धरलं. मला एरवी हसू आलं असतं. त्या दिवशी हात शिवशिवत होते.

"बाई, धंदा बंद पाडाल माझा!" मालक ओरडला.

"ओरडा. आता ऐकू येतंय."

रांगेतले लोक एकेक करून जाकिटांची बटणं काढू लागले. वहिनींनी टेबलाचं एक टोक उचललं. "बघता काय भावजी? धरा!"

मी धरलं. टेबल अंगणात, झाडाखाली नेऊन ठेवलं.