पोत्याखालच्या पिशव्या

बदली होऊन चंदीगडला आल्यापासून मंगळवारच्या मंडीत मी एकाच भाजीवाल्याकडे जाते. नाव कधी विचारलं नाही. बंदी असलेल्या पातळ प्लास्टिकच्या पिशव्या तो बटाट्याच्या पोत्याखाली लपवतो. गिऱ्हाईक हात हलवत आलं की आधी "पन्नी बंद है जी" म्हणतो. ते दुसरीकडे वळलं की ओल्या कोथिंबिरीवर बोट फिरवून पिशवीचं चिकटलेलं तोंड सोडवतो आणि थकल्या आवाजात परत बोलावतो.

माझी कापडी पिशवी दिसली की मात्र "देखो, मॅडम घर से लाती हैं," असं इतरांना ऐकवायचा. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

गेल्या मंगळवारी ऑफिसातून थेट गेले. पिशवी घरीच दाराच्या कडीला राहिली होती. इतकी दमले होते की परत जायचं जिवावर आलं. "भैया, आज दे दो," मी म्हटलं.

तो नाही म्हणाला नाही. बोट ओलं केलं, वांगी भरली, वर नेहमीची फुकटची मिरची-कोथिंबीर टाकली.

"अब किसको दिखाऊँ जी?" एवढंच हळू म्हणाला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाने न मागताच त्याने पिशवी काढली.