शेदलीने नाकारलेल्या शिड्या

स्फाक्सच्या बंदरात लमजदला चहा विचारायची कुणाची छाती होत नसे. विचारला की हा आधी म्हणणार, "का बरं?" बंदराची सुरक्षा त्याच्याकडे येऊन सव्वीस वर्षं झाली होती. आग विझवायचे नळ, धक्क्यावरच्या साखळ्या, जहाजांच्या दोरशिड्या, सगळं त्याने तपासायचं. आणि तपासायचं म्हणजे कसं? दोर नाकाशी नेऊन हुंगायचा, कुजल्याचा वास येतो का बघायचा. शिडीच्या फळीला रंग दिसला की याच्या कपाळाला आठी. रंग कशाला दिला मेल्यांनी? चीर लपवायलाच ना! बाजारातल्या कलिंगडवाल्याचीही सुटका नव्हती. बायको सालहा म्हणायची, "कलिंगडाला टिचक्या मार हो, पण त्या माणसाकडे तरी असं बघू नकोस."

त्याचा भरवसा होता तो एकट्या शेदलीवर. दोघं एकाच गल्लीत वाढलेले. शेदली पायलट होता, म्हणजे येणाऱ्या जहाजावर समुद्रातच चढायचं आणि त्याला सांभाळून धक्क्याला आणायचं. बापही पायलट होता. निवृत्तीला आता आठ महिने उरले होते. लहान होडीतून जहाजाच्या कडेला जायचं, वरून सोडलेली दोरशिडी धरायची आणि लाटेने होडी उचलली की त्या क्षणी चढायचं. हात सुटला तर होडी आणि जहाजाच्या मध्ये माणसाचा चुरा होतो, उगीच सांगत नाही. म्हणूनच शिडी नाकारायचा हक्क पायलटला असतो. त्याने नाही म्हटलं की केवढंही मोठं जहाज असो, मुकाट मागे जाऊन नांगर टाकतं. मग पुढच्या पाळीचा पायलट त्याला आत आणतो.

त्या वसंतात शेदलीने महिनाभरात तीन शिड्या नाकारल्या. पहिल्या जहाजावर लमजद गेला तर खरंच दोन फळ्या रंगवलेल्या. त्याला कोण आनंद झाला! दुसऱ्या जहाजाची शिडी मात्र कोरी करकरीत निघाली. जहाजावरचा अधिकारी शपथा घेत होता, पण लमजदने त्याचं एक ऐकलं नाही. मी येईपर्यंत शिडी बदललीत, मला शिकवता का, असं म्हणून त्याने त्या जहाजाला वर कडक पत्रही लिहिलं.

मग त्याने सापळा लावला. पायलटच्या होडीचा तांडेल फतही याला बाजूला घेऊन सांगितलं, शेदली आता जी शिडी नाकारेल तिच्या खालच्या फळीला गुपचूप लाल दोरा बांधायचा. पाचव्या दिवशी फॉस्फेट न्यायला आलेल्या जहाजाची शिडी शेदलीने नाकारली. दुपारी लमजद नांगरावर पोचला. तीच शिडी, फळीला लाल दोरा. त्याने दोर हुंगले, गाठी ओढून पाहिल्या, शेवटी स्वतःचं सगळं वजन टाकून लोंबकळला. शिडी जागची हलली नाही. तिच्यात खोट काढावी असं काही नव्हतंच.

परतताना त्याचं डोकं भणभणत होतं. खोटं कोण बोलतंय? पहिला संशय आला फतहीवर. याने जहाजवाल्यांना दोऱ्याचं सांगितलं असणार, त्यांनी तो नव्या शिडीला बांधला असणार. रात्रभर त्याने फतहीच्या सात पिढ्या तपासल्या.

सकाळी नेहमीप्रमाणे दोघं मित्र मबरूकच्या टपरीवर लबलाबी खायला बसले. आमच्याकडे लबलाबीचा रिवाज असा की मालक रिकामा वाडगा आणि शिळा पाव पुढे ठेवतो, पाव ज्याचा त्याने कुस्करायचा, मग वरून उकडलेल्या हरभऱ्यांचं गरम पाणी. शेदली पाव इतका बारीक कुस्करायचा की लमजदच्या ओबडधोबड तुकड्यांना जन्मभर हसत आला होता. आज तो मबरूकला म्हणाला, "तूच कुस्करून आण रे."

"आता रोजचंच झालं हे," मबरूक कुरकुरला. "दीड महिना झाला, सुलतान झालेत."

दीड महिना. लमजदने हे रोज पाहिलं होतं आणि रोज म्हणाला होता, म्हातारपणी लाडावलाय गडी. जहाजवाले, तांडेल, कलिंगडवाला, सगळ्यांना त्याने पारखलं होतं. समोर बसलेल्याला तेवढं सोडलं होतं. त्याने आपला पाव शेदलीसमोर सरकवला.

"कुस्कर."

शेदलीने पाव उजव्या हातात घेतला. बोटं मिटली, पण दाब येईना. पाव घरंगळून टेबलाखाली गेला. दोघांपैकी कुणी उचलला नाही.

"पहिल्या शिडीला रंग होता, खरंच होता," शेदली हळू आवाजात म्हणाला. "तेव्हा कळलं, शिडी खराब आहे एवढं म्हटलं की चढावं लागत नाही."

"आणि ज्या चढलास त्या?"

"डाव्या हाताने. परवा एकदा सुटलो होतो. फतहीने कमरेला धरलं."

दहाला आणखी एक जहाज येणार होतं, बाहेर लाटा होत्या आणि यादीत शेदलीचं नाव होतं. लमजदने हाताचं वर लिहून कळवलं तर आजच याचा समुद्र सुटणार. नाही लिहिलं तर आठ महिन्यांत कधीतरी, कदाचित आजच, जहाजाच्या कडेला याला शोधत फिरावं लागणार.

"आज चढणार होतो," शेदली म्हणाला. "चौथी शिडी कुठल्या तोंडाने नाकारू?"

"चढणार नाहीस. मी लिहितोय."

"तूच लिहिणार?"

"मग काय दुसऱ्या कुणावर सोडू?"

शेदलीचे डोळे भरले. "अख्ख्या गावावर संशय घेतोस, लमजद. दीड महिना वाट बघतोय, माझ्यावर कधी घेशील."

लमजदने मबरूककडून दुसरा पाव मागून घेतला आणि शेदलीच्या वाडग्यात कुस्करायला लागला, आपल्या सवयीने, मोठे मोठे तुकडे. शेदली ते बघत राहिला. आज तो हसला नाही.

दहाच्या जहाजावर दुसरा पायलट गेला. लमजदने आधी दुसऱ्या आणि तिसऱ्या, दोन्ही जहाजांना पत्रं लिहिली, तुमच्या शिड्या चांगल्या होत्या. तिसरा कागद, शेदलीच्या हाताचा, लिहायला त्याला दुपार झाली.