राखेचं घर

"काय सोडता, ते आधी बोला."

मोकळ्या जागेवर उकिडवं बसून, तंबाखूची चिमूट ओठाआड दाबत मिस्त्री एवढंच विचारायचे. घर बांधायला निघालेला माणूस काय काय हवं त्याची यादी घोकून आलेला असतो. त्याला हा प्रश्न म्हणजे पानावर बसलेल्याला उपास आहे का विचारण्यासारखा. पण भडगावात चांगलं धाब्याचं, मातीच्या सपाट छताचं घर हवं असेल तर मिस्त्रींकडेच जावं लागे, आणि त्यांच्याकडे गेलं की काहीतरी सोडावंच लागे.

तुमच्याही गावात असा एखादा कारागीर असेल, ज्याच्या हाताची सगळे तारीफ करतात आणि तोंडाला भितात. आमचे मिस्त्री अंगाने काटकुळे. दाढी पांढरी, आणि चुन्याने आणखी पांढरी. शुक्रवारी नमाजाचा दिवस, काम बंद. बाकीचे सहा दिवस लोकांची घरं बांधायची आणि संध्याकाळी स्वतःच्या कुडाच्या खोपटात परतायचं.

त्यांची एक रीत होती. पाया खणण्याआधी ते चाळलेल्या राखेने जागेवर सगळं घर आखत. दारं दाखवत नसत, चहूकडून सलग रेघ. मग घरच्या माणसांनी सकाळपासून दिवस मावळेपर्यंत अनवाणी त्या घरात राहायचं. तीन दगडांची चूल मांडायची, तिथेच जेवायचं, तिथेच लवंडायचं. संध्याकाळी मिस्त्री वाकून रेघा बघत. पायांनी रेघ मोडली असेल तिथे दार. जिची रेघ चारी बाजूंनी जशीच्या तशी राहिली असेल, ती खोली सोडायची.

बोदवडच्या एका कापसाच्या व्यापाऱ्याने म्हणे सोडली नाही. थोरल्या मुलाचं लग्न ठरलं होतं, त्याच्यासाठी ती खोली. "इथे पाऊल नाही," मिस्त्री म्हणाले. व्यापाऱ्याने हट्टाने बांधून घेतली. मुलगा हळद लागायच्या आत पटकीने गेला, आणि खोलीला कुलूप लागलं. असे आणखी दोन-तीन किस्से गावात होते. मी शाळामास्तर. योगायोग म्हणून ते सोडून द्यायचो.

मग आमचंच घर निघालं. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. जागा चिंचोळी, आणि हौस मात्र वाड्याएवढी. बायकोला वेगळं देवघर हवं होतं. मला पुस्तकांची खोली हवी होती. पिंपळनेरकडची शेती धाकट्या भावावर सोपवून आबा, म्हणजे माझे वडील, नुकतेच आमच्याकडे आले होते. त्यांनी एकच मागितलं होतं, रस्त्याकडे खिडकी असलेली खोली. आयुष्यात त्यांनी माझ्याकडे मागितलेली ती पहिली वस्तू.

राखेच्या घरात आमचा दिवस मजेत गेला. येणारेजाणारे थांबून बघत होते. आबा आपल्या चौकोनात घोंगडी टाकून ऐटीत बसले आणि नसलेल्या खिडकीतून रस्त्यावरच्यांना रामराम करत राहिले.

संध्याकाळी मिस्त्री फिरले. "मास्तर, तुम्ही दिवसभर अंगणातल्या निंबाखाली. पुस्तकाची खोली कशाला?" मी खजील झालो. देवघराऐवजी स्वयंपाकघराच्या भिंतीत देवळी ठरली. मग ते आबांच्या खोलीपाशी वाकले, आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. चारी रेघा अखंड होत्या. आबा दोनदा जेवायला उठून गेले होते, पाण्याला गेले होते, हे मी स्वतः पाहिलं होतं. तरी राखेवर अंगठ्याचाही ठसा नव्हता. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू?

"ही सोडा," मिस्त्री हळूच म्हणाले.

हळूच म्हणाले, पण आबांचे कान तिखट. दुसऱ्या दिवशी त्यांनी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी तशीच परत केली. तिसऱ्या दिवशी भाड्याच्या घरात भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

"मन्ही खोली सोडा म्हणना ना तो? मी आयकं बठ्ठं," एवढंच बोलले.

धडधाकट माणूस माझ्या डोळ्यांदेखत विझत चालला होता. मी तावातावाने मिस्त्रींच्या खोपटावर गेलो. नाही नाही ते बोललो. "तुमच्या राखेने माझा बाप मरतोय," म्हणालो. ते खाली मान घालून उभे होते. आतून त्यांची बायको, चाची, बघत होती. त्या दिवशी गुरुवार होता.

शनिवारी सकाळी मिस्त्री आपण होऊन आले आणि आबांच्या उशाशी बसले.

"आबा, मन्ही चूक व्हयनी. तुम्ही रेघले उंबरा समजीसन वलांडी ग्यात. ते मन्हा ध्यानमा उनं नही."

आबा कुशीवर वळले. "मंग? उंबरावर कोनी पाय देस का?"

मी कपाळावर हात मारला. खरंच की! जन्मभर उंबऱ्यावर पाय न देणारा माणूस, राखेच्या उंबऱ्यावर तरी कसा देईल? आम्ही सगळे हसलो. आबांनी उठून अर्धी भाकरी खाल्ली. मिस्त्री तेवढे हसले नाहीत.

त्यांनी आबांची खोली सगळ्यात आधी उभी केली. असं कोणी करत नाही. घराचा पाया एकदम उठतो, भिंती एकदम चढतात. इथे बाकी जागेवर चौथरा नाही, आणि रस्त्याच्या बाजूला एकच खोली, तिला खिडकी, वर धाबं. शुक्रवारीही ते कामावर आले. मी कारण विचारलं. "हात आहे तोवर," म्हणाले आणि ओळंब्याकडे बघत राहिले. मग उरलेलं घर उरकलं, ओसरीची शेवटची फरशी बसवली आणि घरी गेले. आठवड्याच्या आत तापाने गेले.

मी खोपटावर भेटायला गेलो. चाची अंगणात बसली होती.

"तुम्ही बोलीसन ग्यात ना, मास्तर, त्याना दुसरा दिन त्यानी आठे राख टाकी. आमनं घर आखं. आयुष्यमा पयलांदाच. बठ्ठा दिन आम्ही दोन्ही त्या घरमा फिरनूत. सांजले त्यानी वाकीसन देखं. मन्हा पाय व्हतात. त्याना एक बी नव्हता."

"मग?"

"मंग काय? खराटा लीसन राख झाडी टाकी. म्हणना, आबानी खोली पयले करनी पडी."

माझ्या तोंडून निघून गेलं, "चाची, गवंडी स्वतः आखलेली रेघ कधी तुडवतो का? ते सवयीने ओलांडत असतील!"

तिने माझ्याकडे पाहिलं. हे तिला कळलं होतं की नव्हतं, मला आजही सांगता येणार नाही. आबांसाठी ते उंबऱ्याचं कारण शोधू शकले, स्वतःसाठी तेवढंही शोधलं नाही. आणि राख टाकायला त्यांना मी लावलं होतं. ते मला अजून सलतं.

घरी येऊन आबांना सगळं सांगितलं. ते उठले, घोंगडी काखेत मारली आणि ओसरीवर येऊन बसले. खोलीचं दार त्यांनी सताड उघडं ठेवलं. बायको ते लोटायला गेली, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. चाळीस दिन ती खोली त्यानी शे. बसू द्या त्याले."

मिस्त्रींच्या चाळिसाव्यापर्यंत आबा ओसरीवरच झोपले. रोज सकाळी बायको दोन चहा करायची. एक आबांना द्यायची, आणि दुसरा त्यांच्या सांगण्यावरून खिडकीत ठेवायची.