करुणाबाईंचा उत्क्रांतीचा पाठ

श्रीमती करुणाबाई भिंगारदिवे यांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. या गौरवग्रंथासाठी मी काहीतरी लिहावे, असा संपादकांचा आग्रह आहे. बाईंच्या अध्यापनाविषयी त्यांचे विद्यार्थी माझ्यापेक्षा चांगले लिहितील. मी लिहिणार आहे ते एका प्रसंगाविषयी. तो घडला तेव्हा मला जो धक्का बसला, तो इतक्या वर्षांनीही ओसरलेला नाही.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, ऐन दुष्काळात, राहुरी तालुक्यातल्या एका गावच्या विद्यालयात मी गणिताचा शिक्षक म्हणून रुजू झालो. पत्नीला दिवस गेले होते आणि तिच्या सोबतीला माझी आई गावाहून आली होती. आम्ही बिऱ्हाड थाटले त्याच दिवशी संध्याकाळी पांढरे पातळ नेसलेल्या एक बाई डोक्यावर हंडा घेऊन दारात उभ्या राहिल्या. "टँकर उद्या येणार नाही, शेळके सर. घरात बाळंतपण व्हायचं आहे ना? हे ठेवा," एवढे बोलून त्या हंडा ठेवून गेल्या. त्या शाळेत विज्ञान शिकवतात आणि ख्रिस्ती आहेत, हे शेजाऱ्यांनी लगेच येऊन सांगितले. आईने हंड्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि जरा वेळाने म्हणाली, "बगतूस काय? माठात वत." करुणाबाईंशी माझी ओळख झाली ती अशी.

बाई तेव्हा तिशीच्या होत्या. लग्न केले नव्हते. घरी वडील होते, याकोबबाबा. आयुष्यभर त्यांनी खेड्यापाड्यांत धर्मोपदेश केला होता. काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली होती. रोज संध्याकाळी बाई त्यांना पवित्र शास्त्रातला एक अध्याय वाचून दाखवत.

त्या वर्षी नववीच्या पुस्तकात उत्क्रांतीचा पाठ होता. इतर शिक्षक तो घाईघाईने उरकत असत. बाईंनी मुलांना घरून बाजरीची कणसे आणायला सांगितली. वर्गाबाहेर उभे राहून मी ऐकत होतो.

"बियाण्याला कणीस कोण निवडतं तुमच्या घरी?"

"आज्जा निवडतो, बाई. मोठं, भरल्यालं बगून."

"आणि दरसाल तेच केलं तर?"

"पुढची कणसं बी मोठी हुत्यात."

"इथे निवडणारा तुमचा आजा आहे. निसर्गात निवड होते ती हवा, पाणी, भूक यांच्यामुळे. तिला फार मोठा काळ लागतो." मग कोणीतरी माकडाचे विचारले. बाई म्हणाल्या, "माकड तुमचा आजोबा नाही. लांबचा भाऊबंद समजा. तुमचा आणि त्याचा मूळ पुरुष फार मागे एकच. आणि पटलं नाही तर मला विचारा, नुसतं पाठ करू नका."

त्यातल्या एका मुलाने घरी जाऊन आजोबांना सांगितले की माकड आपल्या भाऊबंदांतले आहे. दोन दिवसांत गावभर दुसरा विषय उरला नाही. पारावर लोक म्हणू लागले, "बाई देव न्हाई म्हंती. पोरांचा देव काढून घ्यायचा आन् मग बाटवायची." आणि चर्चमधली मंडळी नेमके उलट म्हणू लागली, की करुणाने शास्त्र सोडले, ती आता आपली राहिली नाही. एकाच पाठावरून एकाच बाईंवर दोन्हीकडून आरोप होत होते आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत, हे कोणाच्याही ध्यानात येत नव्हते.

शाळा समितीचे अध्यक्ष तात्या यांनी सभा बोलावली. शाळेच्या पटांगणात दोन्ही बाजूंचे पालक जमले. तात्या तसे मवाळ गृहस्थ, पण गावाला दुखवणे त्यांना जमत नसे. त्यांनी पुढे बसलेल्या याकोबबाबांना विचारले, "बाबा, तुमी जाणते. तुमच्या शास्त्रात बसतं का हे?"

बाबा काठीच्या आधाराने उभे राहिले. वडील मुलीला सांभाळून घेतील, असे मी धरून चाललो होतो.

"नाही," ते म्हणाले. "हे खोटं आहे. देवाने माणूस घडवला. माझी मुलगी मुलांना खोटं शिकवते आहे."

मी बाईंकडे पाहिले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण त्या बसल्या जागेवरून हलल्या नाहीत. तात्यांना हवे ते मिळाले होते. सोमवारपासून बाईंकडे पाचवीचे शिवणकाम आणि नववीचे विज्ञान शेळके मास्तरांकडे, म्हणजे माझ्याकडे, असे तिथेच ठरले. बाईंनी एवढेच विचारले, "मी काय चुकीचं शिकवलं, ते कोणी सांगेल का?" तात्यांनी सभा संपल्याचे जाहीर केले. बाईंनी वडिलांचा हात धरला आणि दोघे घरी निघाले.

मला राहवले नाही. संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो आणि उंबऱ्यातच थबकलो. बाबा बाजेवर बसले होते आणि बाई समोर बसून त्यांना वाचून दाखवत होत्या. तो जगाच्या आरंभाचा अध्याय होता. बाबांनीच तो मागितला असावा. बाईंचा आवाज स्वच्छ होता, कुठेही कापत नव्हता. वाचन संपवून त्या बाहेर आल्या.

"बाई, आजच्या दिवशी हे वाचता आलं तरी कसं तुम्हाला?"

"त्यांना दिसत नाही, सर. मी नाही वाचलं तर कोण वाचणार?" त्या म्हणाल्या. "आणि मला हा अध्याय आवडतो. लहानपणी त्यांच्याच मांडीवर ऐकलाय."

मला जीवशास्त्राचा गंध नव्हता. पुढचा आठवडाभर मधल्या सुट्टीत बाई मला तो पाठ शिकवत होत्या. ज्यांचा वर्ग माझ्याकडे आला, त्याच माझी तयारी करून घेत होत्या. मला अवघडल्यासारखे व्हायचे. त्या म्हणत, "मुलांना कळलं म्हणजे झालं. अर्धवट शिकवू नका मात्र." मुख्याध्यापकांनी मला बजावले होते, पाठ परीक्षेला आहे, पुन्हा घ्या, पण सांभाळून. मी सांभाळून घेतले नाही. बाईंची कणसे, बाईंची वाक्ये, अगदी ते भाऊबंदसुद्धा, जसेच्या तसे वर्गात सांगितले आणि तात्यांचे बोलावणे येण्याची वाट पाहू लागलो.

बोलावणे आलेच नाही.

पुढे पिठाच्या गिरणीत, माकडाची गोष्ट घरी सांगणाऱ्या त्या मुलाचे आजोबा भेटले. सभेत सर्वांत मोठा आवाज त्यांचा होता. "मास्तर, नातू सांगत हुता. लई झ्याक शिकिवता तुमी."

"माकडाचा पाठही मी शिकवला, आजोबा," मी म्हणालो.

"मंग? पुस्तकातच हाय नव्हं त्ये. शिकवावंच लागतंय."

"बाईंनीही हेच शिकवलं होतं. मी त्यांचीच वाक्यं सांगितली."

"बाईंचं येगळं हाय," असे म्हणून त्यांनी पिठाचा डबा उचलला आणि ते चालू लागले.

माझे दळण झाले होते, तरी मी तिथेच उभा होतो. हे इतके उघडे असेल आणि ते इतक्या सहज कोणी बोलून जाईल, असे मला वाटले नव्हते.

तसाच मी बाईंकडे गेलो आणि घडले ते सांगितले. त्या तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. "मला अंदाज होता, सर," त्या म्हणाल्या. "पण कोणी तो असा बोलून दाखवेल, असं वाटलं नव्हतं." आतून हाक आली. बाबांनी सगळे ऐकले होते.

"मास्तर, तोच पाठ शिकवलात?"

"तोच."

"हिच्याच शब्दांत?"

"हो, बाबा."

"आणि कोणीच काही म्हणालं नाही? आपल्या मंडळींपैकीसुद्धा?"

"कोणीच नाही."

बाबांनी चाचपडत काठी जवळ ओढली. मग म्हणाले, "उद्या सकाळी मला तात्यांकडे घेऊन चला. करुणाला नको. तुम्ही चला."

दुसऱ्या दिवशी त्यांचा हात धरून मी त्यांना तात्यांच्या ओसरीवर नेले. तात्यांनी चहा मागवला. बाबा उभेच राहिले.

"तात्या, माझ्या मुलीला तिचा वर्ग परत द्या."

तात्या चकित झाले. "बाबा, सभेत तुमीच म्हणालात ना, खोटं हाय म्हणून?"

"म्हणालो. आजही म्हणतो. मरेपर्यंत म्हणेन. पण तो पाठ ह्या मास्तरांनी शिकवला, तुम्ही हूं की चूं केलं नाही. मी पाठाला नाही म्हटलं होतं, तात्या. तुम्ही पाठ ठेवलात आणि माझी पोर काढलीत. आणि ते माझ्या तोंडून करून घेतलंत. पाठ खोटा वाटत असेल तर ह्यांनाही पाचवीवर पाठवा. नाहीतर तिला परत घ्या."

तात्यांची मान खाली गेली. चहा आला तसाच निवत राहिला. शेवटी ते म्हणाले, "सोमवारपास्नं बाई नववीवर येतील." बाबांनी नमस्कार केला आणि माझा हात शोधला.

बाई सोमवारी नववीच्या वर्गावर गेल्या. पुढे निवृत्त होईपर्यंत तो पाठ त्यांनी कधी गाळला नाही. बाबांचे मतही बदलले नाही. बापलेक जेवताना त्यावर वाद घालत आणि जेवण झाल्यावर वाचायला बसत. एकदा त्या वादाच्या मध्ये मी सापडलो होतो. बाबांचा एक मुद्दा मला खोडता आला नाही, तेव्हा बाईंना कोण आनंद झाला होता!

त्यांच्या हाताखालून गेलेली मुले आज डॉक्टर आहेत, कृषी विद्यापीठात संशोधन करत आहेत, श्रीगोंद्याकडे शेती करत आहेत. त्यात त्या आजोबांचा नातूही आहे. या समारंभाच्या मांडवाची व्यवस्था त्यानेच अंगावर घेतली आहे.

करुणाबाई आता सावेडीत राहतात. त्यांना निरामय दीर्घायुष्य लाभावे. त्यांचा आवाज असाच खणखणीत राहावा. आणि आपल्याला न पटलेले त्यांना तोंडावर सांगायला आणि वर त्यांच्याच हातचा चहा प्यायला आम्हा सर्वांना अजून पुष्कळ वर्षे मिळावीत.