जागा धरलेलं अंडं

मास्तर गेले. हे वाक्य मी अजून मोठ्यानं म्हणून पाहिलेलं नाही.

ते शाळेतले मास्तर नव्हते. बसचे कंडक्टर. मी कॉलेजला जायचे ती बस त्यांची. मी खिडकीशी कादंबरी घेऊन बसायचे आणि तिकीट देताना ते विचारायचे, "शेवटी काय होतं?"

"अजून वाचायचंय."

"मग उद्या सांग."

अशी मैत्री झाली. वयातलं अंतर दोघांनीही कधी मनावर घेतलं नाही.

निवृत्त झाल्यावर त्यांनी घरामागे कोंबड्या पाळल्या. मोकळ्या. सकाळी खुराड्याचं दार उघडलं की त्या झुडपांत, कुंपणाकडेला, खताच्या ढिगावर पांगायच्या. अंडी घालायला मात्र परत यायच्या, भिंतीलगतच्या पेंढा घातलेल्या खोक्यांत. अंडी गोळा करताना मास्तर प्रत्येक खोक्यात एक तसंच ठेवायचे. त्यावर पेन्सिलीची फुली.

"हे का नाही उचलायचं?" मी एकदा विचारलं.

"सीटवर टाकलेला रुमाल आहे तो. जागा धरलीय. रिकाम्या खोक्यावर कोंबडीचा विश्वास नसतो. एक अंडं दिसलं की तिला वाटतं, इथं बरं आहे."

दर रविवारी ते रुमाल बदलायचे. ताजं अंडं, नवी फुली.

संध्याकाळी खुराड्याच्या दारात बसमधलाच आवाज. "पुढे सरका, पुढे सरका, आत भरपूर जागा आहे!"

"अहो, हळू!" काकू स्वयंपाकघरातून ओरडायच्या. "लोकांना वाटेल बस आली."

कोंबड्या खरोखर पुढे सरकायच्या. काकू मात्र त्यांच्या वाटेला जात नसत. चोचीची भीती. अंडी त्याच विकायच्या, दारात आलेल्याशी तासभर गप्पा मारून.

मास्तर गेले तेव्हा त्यांची मुलगी आली, ती राहिली. मी तिला ताई म्हणते. काकूंना शहरात घेऊन जायचं तिनं ठरवलं होतं. काकूंचा पाय निघत नव्हता.

"कोंबड्यांचं कोण बघणार?"

"आई, अंडी तरी देतात का त्या? आठवडा झाला, एक नाही."

खरं होतं. काकू रिकामी टोपली मांडीवर घेऊन बसल्या. "त्यांनाही कळलंय," त्या म्हणाल्या. "त्यांनीच अंडी घालणं सोडलं, तर मी तरी कुणासाठी राहू? ने मला."

मलाही ते पटलं. त्या दिवसांत मला काहीही पटत होतं.

कोंबड्या न्यायला दुपारी माणूस येणार होता. मी शेवटचं बघून यावं म्हणून मागे गेले. खोकी लख्ख होती. नवा पेंढा. फुली कुठंच नव्हती.

"ताई, फुलीची अंडी कुठायत?"

"फेकली. एक फुटलं, नाक धरायची वेळ आली. बाबा सडकी अंडी कशाला साठवत होते, कोण जाणे."

रविवारी रुमाल बदलायला कोणी नव्हतं.

मी दगडावर बसून राहिले. बऱ्याच वेळानं तांबडी कोंबडी इतरांतून बाजूला झाली. इकडे बघते, तिकडे बघते, मान खाली. अशा कोंबडीला मास्तर विनातिकीट प्रवासी म्हणायचे. "चेहऱ्यावरच कळतं," म्हणायचे. मी लांबूनच तिच्या मागे गेले.

कुंपणाजवळच्या झाडाखाली बसचं जुनं सीट आहे. मास्तरांनी भंगारातून आणलेलं, संध्याकाळी बसायला. तांबडी त्याच्याखाली शिरली. ती कोकलत बाहेर आली तेव्हा मी पालथी पडून हात आत घातला. एक अंडं लागलं, ऊबदार. मग गार. मग आणखी, आणखी.

"काकू!"

काकू टोपली घेऊनच आल्या. वाकल्या. बराच वेळ वाकूनच राहिल्या.

"म्हणजे घालत होत्या."

"घालत होत्या, काकू. फक्त जागा बदलली होती." मी रुमालाचं सांगितलं.

"मला काय माहीत!" ताई म्हणाली.

"तुला कसं माहीत असणार? मी इतकी वर्षं अंडी विकली, मी तरी कधी विचारलं का? जा, पेन्सिल आण."

प्रत्येक खोक्यासाठी एक, अशा काकूंनी फुल्या काढल्या. फुल्या वाकड्या आल्या. तांबडी पायाशी घोटाळत होती. "टोचू नकोस गं बाई," काकू म्हणाल्या, पण मागे सरकल्या नाहीत.

दुपारी आलेल्या माणसाला त्यांनी चहा दिला आणि रिकामाच परत पाठवला.

"आई, एकटी कशी राहशील?"

"एकटी कुठं? ही गर्दी बघ."

ताई चिडली, रडली, आणि संध्याकाळच्या बसनं गेली. जुन्या टॉवेलात गुंडाळलेली अंडी मांडीवर घेऊन.

दिवस मावळताना काकू खुराड्याच्या दारात उभ्या राहिल्या. ताई कोंबड्यांना काठीनं हाकायची. काठी काकूंनी भिंतीला टेकवून ठेवली. खाकरल्या.

"सरका," त्या पुटपुटल्या. कोणी हललं नाही.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला ते ओरडणं जमलंच नसतं.

मग पदर खोचून त्या ओरडल्या, "पुढे सरका! पुढे सरका! आत भरपूर जागा आहे!"

तांबडी पुढे झाली. मागोमाग बाकीच्या.

पलीकडे रस्त्यानं जाणारा एक माणूस थबकला आणि मागे वळून बघू लागला, बस कुठं आहे म्हणून.