सोड्याची मूठ

दुसरीच्या बादलीत सोडा टाकण्याआधी बादली नक्की कुणाची हे बघावं, एवढीही अक्कल मला चाळिशीत नव्हती. आज नातीने जुन्या निळ्या कपात चहा ओतला, कपावर तड्यांची तपकिरी जाळी उमटली आणि चाळिशीतली ती शहाणी मी आठवले.

नव्वदच्या दशकात गंगापूर रोडच्या शेडमध्ये मी आणि धाकटी जाऊ सुमन ब्लू पॉटरीचे कप करायचो. प्रदर्शनात ती गिऱ्हाइकांसमोर म्हणाली होती, "जाऊबाईंच्या कपातला चहा ओठांआधी बशीत पोचतो." पुढच्या प्रदर्शनात हिची नाचक्की करायचीच, असं मी ठरवलं. कपांवर काचेसारखी चकाकी आणणाऱ्या तिच्या झिलईच्या बादलीत दोन मुठी सोडा जास्तीचा ढवळला. आता झिलई तडकणारच! त्या ओल्या खडूसारख्या वासानेसुद्धा मला गुदगुल्या झाल्या.

भट्टी उघडली. निवणारे कप टिंग, टिंग तडकू लागले. मी डोळे मिटून ते संगीत ऐकलं. डोळे उघडले, तर ते माझ्याच फळीवर चाललेलं.

सुमन माझा एक कप उजेडात धरून म्हणाली, "झिलईत गारगोटीची पूड वाढवा जाऊबाई, तडे थांबतील. आणि तुम्ही सोड्याचा डबा पदराखाली घेतलात ना, तेव्हाच मी बादल्या बदलल्या, आणि तुमचं ढवळून झाल्यावर परत जागच्या जागी ठेवल्या."