डोरलीची पाटी

पानापानांत ज्याचे वास्तव्य आहे, त्या श्रीगजाननास वंदन करून हा लहानसा प्रवास सांगतो. रोह्याजवळच्या एका वनस्पतिउद्यानात श्रावणात शाळकरी मुलांसाठी पत्री ओळखण्याचा उपक्रम होता. गणेशपूजेतल्या एकवीस पत्रींची नावे सांगण्यास मला, पेणच्या एका पुरोहिताला, बोलावणे आले.

सकाळी पेणहून गाडीत बसलो. कासू मागे पडले. दोन्ही बाजूंना भाताची खाचरे हिरवीगार होती. शेजारच्या शेतकऱ्याने विचारले, “गुरुजी, कुठं निघालात?”

“मुलांना झाडे दाखवायला.”

“रोह्याच्या पोरांना झाडं? बरं हाय,” म्हणत तो हसला. मी थोडा गोंधळलोच.

उद्यानात तांदळाची भाकरी आणि वालाची उसळ खाऊन काम सुरू झाले. मुलांनी पान आणायचे, मी नाव सांगायचे, त्यांनी ते लाकडी पाटीवर रंगवायचे; ती पाटी त्या झाडापाशी कायमची रोवली जाणार होती. रुई, आघाडा, माका झाले. मग सानिका नावाच्या मुलीने एक मोठे, मऊ, लवदार पान आणले.

“बृहती, म्हणजे डोरली,” मी निःशंकपणे सांगितले.

शेजारी वाफा खुरपणाऱ्या यमुनाबाईंनी मान वर केली. “ही डोरली नाय, गुरुजी. हिला आमच्यात कुत्री म्हणतात.”

मुले हसून लोळू लागली.

“अहो, पन्नास वर्षे मी देवाला हेच पान वाहत आलो.”

“व्हय, वाहणारच. माझी आय पेणच्या बाजारात पत्री विकायची. खऱ्या डोरलीला देठापासून पानापर्यंत काटं. बोटाला टोचलं का भटजीच आधी वरडायचं. मग आयनं हे मऊ पान जुडीत (पत्रीच्या गठ्ठ्यात) घातलं. त्यावर कोण काय बोललं नाय.”

त्या ओरडणाऱ्यांत मीही होतो काय? आठवेना. सानिका कुंचला घेऊन उभीच होती. “आजोबा, मग पाटीवर काय लिहू? बाप्पाला तर चाललं ना?”

मुलांबरोबर आलेल्या शिक्षिका हळूच म्हणाल्या, “गुरुजी, आपण सांगाल तेच लिहू.” यमुनाबाई पुन्हा खुरपू लागल्या होत्या.

माझ्या एका शब्दाने ते पान येणाऱ्या प्रत्येक मुलासाठी डोरली ठरणार होते. आणि ते डोरली नाही म्हणावे, तर माझ्या पन्नास वर्षांच्या पूजांचे काय? मंत्र शुद्ध, पान भलतेच.

“यमुनाबाई म्हणतात तेच लिही,” अखेर म्हणालो. “खरी डोरली मलाही पाहायची आहे.”

“कुंपणापाशी हाय, चला,” यमुनाबाई उठल्या. “हात जपून गो, सानिका. गुरुजी, तुम्हीपण.”

जपूनही काटा रुतलाच. मी ओरडलो नाही; मुले मात्र माझ्या तोंडाकडे टक लावून पाहत होती.

सायंकाळी पेणला परतलो. पत्री न मिळाल्यास अक्षता वाहाव्यात, असे आम्ही शिकलो. पत्री चुकल्याचे ठाऊकच नसेल तर काय, हे मला कोणी शिकवले नाही. येत्या चतुर्थीस यजमानांकडे काटेरी डोरली न्यायची आणि कारण विचारले तर सारे सांगायचे, एवढे ठरले आहे. आजवरची पाने कोठे पोहोचली, ते गजाननच जाणे.

वाचकहो, आपल्या घरातील लेकरांना झाडे नावानिशी ओळखता येवोत, घरात धान्य आणि आरोग्य नांदो, आणि आपल्या हातून अजाणता वाहिले गेलेले पानही तो दयाळू गोड मानून घेवो.